जनुकीय वंशावळ तपास

जुन्या, उलगडा न झालेल्या खुनांचा छडा डीएनए आणि कुळाचा इतिहास यांची सांगड घालून लावण्याची पद्धत. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील ‘गोल्डन स्टेट किलर’ सापडला आणि ती जगापुढे आली.

या माणसाने 1970 व 1980 च्या दशकांत अनेक बलात्कार आणि किमान 13 खून केले. डीएनए हाती असूनही तो सापडत नव्हता, कारण पोलिसांच्या साठ्यात फक्त आधीच नोंद झालेले गुन्हेगार असतात आणि तिथे जेमतेम वीसेक जनुकीय स्थाने जुळवली जातात. 1980 च्या एका खुनातील नमुना मात्र व्हेंच्युरा काउंटीत नीट जपलेला होता. त्यातील लाखो बिंदू वाचून ती माहिती ‘जीईडीमॅच’ या वंशावळीच्या खुल्या संकेतस्थळावर टाकली गेली. जुळले ते दूरचे भाऊबंद. मग वंशावळतज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर यांच्या मदतीने समान पूर्वजापासून खाली एकेक शाखा उतरत, वय, लिंग आणि वास्तव्य ताडत तपास जोसेफ डीअँजेलो या माजी पोलिसापर्यंत पोहोचला.

वंशावळ केवळ दिशा दाखवते. पुरावा वेगळा लागतो. पोलिसांनी त्याच्या मोटारीच्या दाराची मूठ पुसून आणि कचऱ्यातला टिश्यू पेपर उचलून नमुने घेतले, ते जुळले, तेव्हाच अटक झाली. 2020 मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. त्याला जन्मठेप झाली.

या पद्धतीमुळे नातेवाइकांच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला, आणि तो रास्तच होता. 2019 मध्ये ‘जीईडीमॅच’ने पोलिसांच्या शोधासाठी वापरकर्त्याची स्पष्ट संमती आवश्यक केली.