साबणाचा पडदा आणि उत्तरांची मोजदाद

वर्गसमीकरणाला कधी दोन उत्तरे असतात, कधी एक, तर कधी वास्तव उत्तर मुळीच नसते, हे शाळेत आपण सारेच शिकतो. पण उत्तर म्हणजे संख्या नसून अख्खा पृष्ठभागच असेल, तर उत्तरे मोजावयाची कशी?

तारेची दोन सारखी कडी घ्या, प्रत्येकाची त्रिज्या 10 सेंटिमीटर. साबणाच्या पाण्यात एकत्र बुडवा नि समोरासमोर धरून हळूहळू दूर न्या. मध्ये आडवा पडदा आला, तर तो बोटाने फोडून टाका. आता दोहोंमध्ये डमरूसारखा पडदा उभा राहील. पडदा नेहमी आपले क्षेत्रफळ कमी करू पाहतो. या डमरूची कड म्हणजे टांगलेल्या साखळीचीच वक्ररेषा. हा आकार ऑयलरने 1744 साली शोधला. अशा पृष्ठभागांचे समीकरण लाग्रांजने 1762 साली प्रसिद्ध केले.

हे समीकरण अरेषीय आहे. रेषीय समीकरणाला दोन उत्तरं सापडली, की अगणित सापडलीच म्हणून समजा! इथे तसं नाही. गोल्डश्मिटने 1831 साली हिशेब मांडला. कडी जवळ असता डमरू दोन निघतात, एक रुंद कमरेचा, एक बारीक कमरेचा. अंतर वाढवावे तसे ते एकमेकांकडे सरकतात, सुमारे 13.25 सेंटिमीटरवर एकरूप होतात, आणि त्यापलीकडे एकही उरत नाही. पडदा फट्‌कन मिटतो. प्रत्येक कड्यात एकेक सपाट चकती राहते.

मग बारीक कमरेचा डमरू आपल्याला कधी दिसत का नाही? घुमटाच्या टोकावर ठेवलेली गोटी असावी, तसा तो आहे. तोल आहे, टिकाव नाही.

डोळ्यांना जे दिसते तेवढ्यावर थांबता येत नाही, ते असे. गंमत पाहा, या पडद्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक, बेल्जममधील गेंटचा प्राध्यापक प्लाटो, 1843 च्या सुमारास अंध झाला. तरी इतरांच्या डोळ्यांनी प्रयोग करीत त्याने 1873 साली आपला ग्रंथ पुरा केला. तारेला कसाही बंद आकार द्या, पडदा बसतोच, असे प्रयोग सांगत होते. त्याची सिद्धता मात्र राडो आणि डग्लस यांनी 1930 च्या सुमारास दिली.

म्हणजे निदान एक उत्तर आहे, एवढे ठरले. किती, ते राहिलेच. 1939 साली मोर्स आणि टॉम्पकिन्स यांनी, तसेच स्वतंत्रपणे शिफमनने, एक नामी गोष्ट दाखवली. एकाच तारेवर दोन टिकाऊ पडदे बसत असतील, तर न टिकणारा तिसराही असतोच. एका खोऱ्यातून दुसऱ्यात उतरायचे, तर मध्ये खिंड ही लागणारच!