अंगठ्याचं कुलूप

माझ्या उजव्या तर्जनीवर तीन टाक्यांचा व्रण आहे. चार वर्षांपूर्वी पुस्तकांच्या पार्सलची सुतळी सुटेना, म्हणून बाबांचा चाकू उघडला, टोक गाठीत खुपसलं आणि जोर लावला. पातं गाठीत शिरण्याऐवजी मागे फिरलं आणि मुठीत मिटता मिटता माझ्या बोटावर आलं.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात मिटणारं एकच पातं आणि पात्याच्या बुडाशी बाहेर आलेली लहानशी शेपटी, असा तो चाकू होता. त्याला ना स्प्रिंग, ना खटका. शार्पनरने केलेलं टोक बाबांना पसंत नसे, त्यामुळे वर्गातल्या पेन्सिली ते याच चाकूने तासत. चाळीस वर्षांत त्यांना या चाकूने कधी कापल्याचं मला आठवत नाही. ते गेल्यावर मी तो हैदराबादेतल्या माझ्या घरी आणला आणि सहा महिन्यांत दवाखाना गाठला. चाकू जुना झाला, बिजागरी सैल झाली असेल, असं मी धरून चालले. आता आपल्या हाताला बसेल असा नवा, चांगला चाकू घ्यायचा असं ठरवलं. पण हाताला बसणं म्हणजे काय, हे काही मला सांगता येईना.

आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आई आणि आजी विळीवर चिरायच्या. विळीचं पातं पाटाला पक्कं असतं, पाट पायाखाली दाबलेला असतो आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर नेली जाते. विळीला मूठ नसते, त्यामुळे मूठ मोठी की लहान हा प्रश्नही नसतो. एकच विळी आजीला, आईला आणि मला चालली. चाकूत मात्र पातं हातासोबत हलतं आणि तिथे माणसामाणसाच्या हातातला फरक लगेच जाणवतो.

माझा धंदा अनुवादाचा, म्हणून मी आधी शब्दांकडे गेले. सुरी संस्कृतातल्या क्षुरिकेवरून आली, चाकू फारसीतून. आणि इंग्रजीतल्या पेननाइफचं काय? पंचविशीत केलेल्या एका कादंबरीच्या अनुवादात मी त्याला ‘पेनाचा चाकू’ करून टाकलं होतं. त्यावरून वाचकाला पेनाच्या आकाराचा काहीतरी चाकू असावा असं वाटलं असेल. खरं तर पिसाची लेखणी तासायचा तो चाकू. टाक आले, पिसं गेली, पण चाकूचं नाव तेच राहिलं.

फारसी-उर्दूत याच कामाच्या चाकूला नेमका शब्द आहे, क़लमतराश. छत्ता बाजारातल्या एका वृद्ध खुशनवीसांनी मला त्याचं काम करून दाखवलं. आधी बोरूला उतार दिला, मग तो हाडाच्या एका छोट्या पट्टीवर टेकवला आणि अंगठ्याने पातं दाबून टोक तिरकं छाटलं. या छाटण्याला ते ‘क़त’ म्हणत होते. अक्षराची जाडी, वळण, सगळं त्या एका छेदावर अवलंबून. मोडी लिहिणारे आपले कारकूनही असाच बोरू तासत असणार. लेखनाच्या इतिहासात आपण शाई आणि कागदाबद्दल पुष्कळ बोलतो, चाकूबद्दल फारसं बोलत नाही.

मिटणारा चाकू मात्र लेखणीच्या चाकूपेक्षाही जुना आहे. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाट इथे इसवीसनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा, हाडाच्या मुठीत मिटणारा चाकू सापडला आहे. रोमन लोकांकडेही असे चाकू होते. त्यांत पातं खिळीच्या घर्षणावर उघडं राही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत स्प्रिंग घालायला सुरुवात केली. तिच्यामुळे पातं उघडं किंवा मिटलेलं टिकून राही, पण त्याला कुलूप नव्हतं. कुलूप कुणी आणि का बसवलं, याचा शोध घेताना मी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सव्वा प्रांतात पोहोचले.

सव्वा म्हणजे फ्रेंच आल्प्समधला डोंगराळ मुलूख. तो फ्रान्समध्ये सामील झाला १८६० साली. तिथल्या सँ-जाँ-द-मोरिएन गावाजवळच्या एका वाडीत ओपिनेल कुटुंब कुऱ्हाडी, कोयते असली धारेची अवजारं करी. घरातल्या जोसेफ या अठरा वर्षांच्या मुलाने १८९०मध्ये एक घडीचा चाकू केला. लाकडाची गोलसर मूठ, तिला चीर, चिरेत पातं आणि एक खीळ, बस्स. शेतकरी आणि गुराखी यांच्या खिशाला परवडेल आणि रोज पाव कापायला, काटकी तासायला उपयोगी पडेल, इतकंच त्याचं काम होतं.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १८९७मधली गोष्ट. जोसेफने तोच चाकू १ ते १२ अशा बारा मापांत करायला घेतला. रचना एकच, फक्त मापं वेगळी. सगळ्यात लहान चाकू किल्लीच्या साखळीला अडकवण्याजोगा, तर बारा नंबरचं पातं १२ सेंटिमीटरचं. चपलेसारखा चाकूचाही नंबर सांगायचा. पुढे १९३५च्या सुमाराला १ आणि ११ हे दोन नंबर बंद झाले, कारण १ फारच लहान होता, आणि ११ हा १० आणि १२ यांच्यात उगाच अडकलेला होता. आज सगळ्यात ओळखीचा आहे तो आठ नंबर. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं.

या पात्यावरची खूणही पाहण्यासारखी आहे. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६५मध्ये चाकू करणाऱ्यांनी आपापली खूण उमटवावी असा हुकूम काढला होता. ती परंपरा पाळून जोसेफने १९०९मध्ये मुकुटाखालचा हात निवडला. हात संत योहानाचा, आशीर्वाद देणारा, सँ-जाँ-द-मोरिएनच्या मानचिन्हातला. मुकुट सव्वाच्या जुन्या राजघराण्याचा.

कुलूप आलं ते बऱ्याच उशिरा, १९५५ साली. जोसेफचा मुलगा मार्सेल याने मुठीच्या गळ्याशी एक पोलादी कडं बसवलं. पातं उघडून कडं फिरवलं की चीर बंद होते आणि पातं मागे येऊ शकत नाही. म्हणजे पहिली पासष्ट वर्षं हा चाकूही बाबांच्या चाकूसारखाच बिनकुलपाचा होता आणि लोक तो बिनदिक्कत वापरत होते. हे वाचलं आणि माझा बिजागरीचा सिद्धान्त डळमळला.

त्याचा निकाल जपानने लावला. १८७६मध्ये तिथे सामुराईंना उघड तलवार बाळगायला बंदी झाली आणि तलवारी घडवणाऱ्यांना दुसरं काम शोधावं लागलं. त्यानंतर दोनेक दशकांत ह्योगो प्रांतातल्या मिकी या लोहारकामाच्या गावी हिगोनोकामी नावाचा चाकू तयार होऊ लागला. त्याचं चित्र पाहताच मी बाबांचा चाकू ड्रॉवरमधून काढून शेजारी ठेवला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एकच पातं, बुडाशी शेपटी. बाबांचा चाकू तिकडचा होता की इकडच्या कुणी त्या धर्तीवर केलेला, ते कळायला मार्ग नाही, कारण त्यावर कसलीही खूण नाही. पण रचना तीच. त्या शेपटीचं काम मला तेव्हा समजलं. तिच्यावर अंगठा टेकवून पातं उघडायचं, आणि कापत असताना अंगठा तिथेच दाबून ठेवायचा. अंगठा जागेवर असेपर्यंत पातं मिटू शकत नाही.

चाकूला कुलूप होतं आणि ते बाबांच्या हातात होतं. त्यांचा पंजा मोठा होता, मूठ धरून अंगठा सहज शेपटीवर येई. माझा हात लहान. मी मूठ मागे धरली होती, अंगठा शेपटीच्या बोटभर अलीकडे राहिला होता. चाकूत काहीच बिघाड नव्हता. तो दुसऱ्याच्या मापाचा होता आणि तो कसा धरायचा हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

हिगोनोकामीची पुढची गोष्ट मन खट्टू करणारी आहे. जपानी शाळकरी मुलं पेन्सिली तासायला तो सर्रास वापरत. १९६०च्या ऑक्टोबरमध्ये समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांची भर सभेत सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. ती झाली आखूड तलवारीने, पण त्यानंतर मुलांच्या हातात पातं नकोच अशी मोहीम उभी राहिली आणि दप्तरांतून हा चाकू गेला. मिकीतले कारखाने एकामागून एक बंद पडले. आज ते नाव अधिकाराने वापरणारं एकच घराणं उरलं आहे.

आपल्याकडे हेच रामपूरचं झालं. उत्तर प्रदेशातल्या या जुन्या नवाबी संस्थानातला खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिला आणि रामपुरी हा शब्दच धमकीसारखा ऐकू येऊ लागला. १९९०च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली आणि कारागीर पांगले. २०२३मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला गेला. कुणाच्याही हातात न मावणारा. मी हैदराबादेत दुकानात घडीचा चाकू मागितला, तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, कशाला हवाय?’’ हात केवढा, हे त्याने विचारलं नाही.

ते विचारलं शांबेरीच्या बाजारातल्या बाईंनी. अनुवादाच्या निमित्ताने फ्रान्सला जाणं झालं, तेव्हा मी मुद्दाम सव्वात उतरले. चाकू हवाय म्हटल्यावर त्यांनी माझा पंजा उघडायला लावला आणि सहा, सात, आठ असे तीन नंबर समोर ठेवले. त्यांच्याकडून आणि नंतरच्या वापरातून शिकलेलं थोडक्यात सांगते. मूठ धरल्यावर चारही बोटं तिच्यावर मावली पाहिजेत आणि मागे थोडीशीच मूठ उरली पाहिजे. अंगठा न ताणता पात्याच्या पाठीवर यावा. खाचेत नख घालून पातं उघडताना नख मोडेलसं वाटलं तर तो चाकू आपला नाही. कुलूप डोळे मिटून लावता आणि सोडवता आलं पाहिजे. आणि पाहून ठरवू नये, जाड पुठ्ठा कापून पाहावा. दहा-वीस छेदांनंतर तळव्यात कुठे टोचतं ते कळतं.

पोलादाचा विचार त्यानंतर. साधं कार्बन पोलाद धारेच्या दगडावर चटकन धार घेतं, पण लिंबू-कैरीने काळं पडतं आणि पुसून ठेवलं नाही तर गंजतं. न गंजणारं पोलाद कोकणातल्या, मुंबईतल्या हवेत निर्धास्त. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं चिरेत अडकून बसतं. त्यावर सव्वातला तोडगा असा की मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं. पातं थोडं वर येतं आणि बोटांत पकडता येतं. आणि विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही. माझा सामानाच्या बॅगेतून आला.

आठ नंबर मला देखणा वाटला होता. बाईंनी मान हलवली आणि सात पुढे केला. पुठ्ठा कापल्यावर त्यांचं म्हणणं पटलं. आता पार्सलं त्यानेच उघडते.

बाबांचा चाकू टेबलावर असतो. बिजागरीत तेलाचा थेंब सोडते, मूठ थोडी पुढे धरते, अंगठा शेपटीवर दाबते आणि पेन्सिल तासते. लहान कामाला माझा अंगठा कसाबसा पुरतो. गेल्या महिन्यात त्या जुन्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ‘पेनाचा चाकू’ खोडला आणि समासात, त्याच पेन्सिलीने, ‘लेखणी तासायचा चाकू’ असं लिहिलं.