अजिंठ्याच्या प्रती: मूळ एक, आकार किती?

फोटोग्राफी करणारे आपले श्रोते एक प्रश्न हमखास विचारतात: स्वतःची वेबसाइट करायची आहे, तर गॅलरीसाठी सॉफ्टवेअर कोणतं घेऊ आणि फोटो केवढे टाकू? आपला कार्यक्रम इतिहासाचा, म्हणून उत्तर इतिहासातूनच शोधू. त्यासाठी फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरपासून शंभरएक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथली चित्रं जगाला दाखवायची तर प्रत केवढी काढायची आणि ठेवायची कुठे, यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ लोकांनी डोकं चालवलंय. त्यात त्यांनी जबर किंमतही मोजली आहे.

1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी या लेण्यांपर्यंत पोचला आणि बाहेरच्या जगात बोलबाला झाला. पण चित्रं भिंतीवर. ती उचलून नेता येत नाहीत. मग 1844 मध्ये मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला प्रती काढायच्या कामावर नेमलं. गिल अजिंठा गावातच राहिला आणि वर्षानुवर्षं तैलरंगात भलेमोठे कॅनव्हास रंगवत बसला. त्याने आकार निवडला तो मुळाएवढा. भिंतीवर जेवढं, कॅनव्हासवर तेवढं.

हे कॅनव्हास लंडनला गेले आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली. मांडलेली चित्रं जळाली, मोजकीच वाचली. किती वर्षांची मेहनत एका इमारतीत होती, बघा. दुसरी प्रत कुठेच नव्हती. गिल पुन्हा ब्रश घेऊन कामाला लागला.

पण गिलचं दुसरं एक काम तगलं. त्याने मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. 1864 मध्ये, म्हणजे आगीच्या दोन वर्षं आधी, त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. त्यांतलं एक होतं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह आलेलं, भारतातल्या कोरीव लेण्यांवरचं. त्यात गिलचे 74 फोटो आहेत. फोटो कसे, तर लहान लहान, कागदावर छापून पानांवर चिकटवलेले. भिंतीएवढ्या कॅनव्हासपुढे ते काहीच नव्हते. पण पुस्तकाच्या प्रती अनेक निघाल्या आणि अनेक ठिकाणी गेल्या. त्यामुळे ते फोटो आजही बघायला मिळतात.

मग चित्रांचेच फोटो का नाही काढले? त्यात तांत्रिक अडचण होती. तेव्हाची काच ओल्या कोलोडियनची. लेप द्यायचा, तो ओला असेतोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. लेण्यात अंधार, त्यात ही काच निळ्या प्रकाशाला जागी आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी. अजिंठ्यात तर गेरूचा लाल रंग ठायी ठायी. तो फोटोत काळाच उतरणार. म्हणून फोटो खांबांचे, कमानींचे, दर्शनी भागाचे. आणि रंगांसाठी ब्रश.

आकाराची गंमत इथेच आहे. त्या काळी काच थेट कागदावर ठेवून उन्हात छापायचे, म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. आकार कॅमेरा उचलतानाच ठरायचा, नंतर बदलणं अवघड. आज आपण एकाच फाइलमधून हवे तेवढे आकार काढतो. अट एकच, मूळ फाइल शाबूत हवी.

पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच एक. हे काम 1885 पर्यंत चाललं. प्रती पुन्हा लंडनलाच, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. आणि 1885 मध्ये तिथेही आग! बऱ्याच प्रती गेल्या. ग्रिफिथ्सनी 1896-97 मध्ये दोन खंडांचं पुस्तक काढलं, त्यामुळे हे काम ग्रंथालयांतून पसरलं. पण एक वाईटही झालं. चित्रं उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं आणि नंतरच्या संवर्धकांना ते काढत बसावं लागलं. प्रतीसाठी मुळाला हात लावला, तो असा महागात पडला.

शेवटी हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी 1930 ते 1955 या काळात चार भागांत अजिंठा छापला, रंगीत आणि फोटोंवर आधारित. तोवर काचेला लाल रंग दिसू लागला होता.

आता तुमच्या वेबसाइटकडे येऊ. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000 पिक्सेल, साधारण 10 एमबी. असे वीस फोटो जसेच्या तसे एका पानावर टाकले तर बघणाऱ्याचा 200 एमबी डेटा जातो. तो पान उघडेपर्यंत थांबणार नाही. म्हणून तीन आकार करा. यादीसाठी 400 पिक्सेलच्या आसपासची छोटी प्रत. मोठं करून बघण्यासाठी लांब बाजू 2048 पिक्सेल. आणि मूळ फाइल वेगळी, तिला हात लावायचा नाही. वेबची प्रत हीच मूळ समजून बसू नका. 300 डीपीआयला छापायची तर 2048 पिक्सेलमधून सातच इंच निघतात, 6000 मधून वीस.

सॉफ्टवेअर घेताना दोन गोष्टी विचारा. ते लहान आकार स्वतः तयार करतं का? आणि उद्या ते बंद पडलं तर माझे फोटो, अल्बम, मथळे बाहेर काढता येतात का? हा प्रश्न हवेतला नाही. गॅलरी नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरचं काम 2014 मध्ये थांबलं, पिकासा 2016 मध्ये बंद झालं. पिविगोसारखं मुक्त सॉफ्टवेअर तुमच्याच फोल्डरांच्या रचनेवर चालू शकतं आणि लहान आकार वेगळे साठवतं. वर्डप्रेसही अपलोड होताच लहान आकार बनवतं. दोन्ही चालतील. मात्र मथळा आणि तारीख फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवा, नुसती सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये नको.

आणि मूळ फाइलची एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी. गिलच्या काळी दुसरा कॅनव्हास रंगवायला वर्षं लागायची. आपल्याला एक हार्ड डिस्क आणि एक संध्याकाळ पुरते. ती या रविवारीच काढा. भेटू पुढच्या भागात.