निवडुंगाचं चुकलेलं नाव

गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर किंवा एखाद्या किल्ल्याच्या वाटेवर ते हमखास दिसतं. हिरवं मांसल खोड, कडांवर काटे, पानं असलीच तर शेंड्याला चार. आपण त्याला निवडुंग म्हणतो, फोटो काढतो, ‘कॅक्टस’ असा हॅशटॅग देतो आणि पुढे निघतो. तो हॅशटॅग बऱ्याचदा चुकीचा असतो.

एका जातीचा अपवाद सोडला तर जगातले सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. त्या अपवादाचाही आपल्या बांधाशी संबंध नाही. तळहाताएवढ्या चपट्या फड्यांचा फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, आणि तो समुद्र ओलांडून इकडे आला. पण त्रिधारी निवडुंग, शेर, स्नुही ही मंडळी वेगळ्या कुळातली. त्यांचं कूळ एरंडाचं आणि प्रजाती युफोर्बिया. पावसात उगवणारी इवलीशी दुधी आणि नाताळात कुंड्यांमधून दिसणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया ही त्यांची भावंडं. या प्रजातीत सुमारे दोन हजार जाती आहेत. त्यातल्या झाडासारख्या वाढणाऱ्या, जाड खोडाच्या जातींनी कोरड्या हवेत टिकण्यासाठी कॅक्टससारखंच रूप घेतलं. दोघांचा प्रश्न एक होता, म्हणून उत्तरही सारखं निघालं. नातं मात्र नाही.

फरक ओळखायचा तर काट्यांकडे बघायचं. कॅक्टसचे काटे लवदार गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघतात. आपल्याकडच्या काटेरी युफोर्बियाचे काटे जोडीने येतात. शिवाय युफोर्बियाला खरचटलं की पांढरं दूध वाहतं. ते बघायला फांदी मोडू नका. हे दूध त्वचेला भाजतं आणि डोळ्यात गेलं तर दृष्टीवर बेतू शकतं.

मराठीने दोघांनाही निवडुंग म्हटलं यात भाषेचा दोष नाही. ज्याला जनावरं अडवायला कुंपण हवं होतं त्याच्या लेखी दोन्ही झाडं एकच काम करत होती. गंमत अशी की ज्यांचं कामच नावं ठेवायचं होतं, त्या पंडितांनीही याच झाडांपाशी ठेच खाल्ली.

‘युफोर्बिया’ हे नाव एका वैद्याचं आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की मॉरिटानियाचा, म्हणजे आजच्या मोरोक्को-अल्जीरिया भागाचा राजा दुसरा जुबा याला अ‍ॅटलास पर्वतात एक झाड सापडलं. त्याला त्याने आपल्या वैद्याचं, युफोर्बसचं नाव दिलं. हा जुबा म्हणजे क्लिओपात्राचा जावई. त्या झाडाचा वाळलेला चीक ‘युफोर्बियम’ नावाने पुढे शतकानुशतकं युरोपच्या औषधांच्या दुकानात विकला जात होता. चीक सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो देणारं झाड नेमकं कोणतं, हे मात्र युरोपात कुणाला धड ठाऊक नव्हतं.

आता सतराव्या शतकातल्या कोचीनला येऊ. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला प्रमुख हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करायला घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’, बारा खंड, अ‍ॅमस्टरडॅममध्ये 1678 ते 1693 या काळात छापलेले. माहिती देणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, आणि त्यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य. गोव्यातून कोचीनला जाऊन स्थिरावलेल्या कोकणी समाजातले हे लोक. 20 एप्रिल 1675 या तारखेचं त्यांचं प्रमाणपत्र त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेलं आहे. ग्रंथातल्या अनेक चित्रांवर रोमन, मलयाळम आणि अरबी अक्षरांच्या सोबतीने नागरी अक्षरातही झाडांची नावं दिसतात.

दुसऱ्या खंडात एकामागोमाग एक तीन चित्रं आहेत: शदिद-कळ्ळी, एल-कळ्ळी आणि तिरु-कळ्ळी. मलयाळममध्ये कळ्ळी म्हणजे अशी दुधाळ, काटेरी झुडपं आणि एल म्हणजे पान. म्हणजे ‘पानवाली कळ्ळी’. आपण नाही का म्हणत, फड्या निवडुंग, त्रिधारी निवडुंग? आधी घराणं, मग त्यातला कोण. वनस्पतिशास्त्राची दोन शब्दी नावांची पद्धत अजून रुळायची होती, पण मलबारच्या वैद्यांची पद्धत काही फार वेगळी नव्हती.

1753 साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये जगभरच्या ज्ञात वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली. ऱ्हीडच्या या तिन्ही चित्रांचे दाखले त्याने घेतले आणि नावं दिली तीन तऱ्हांनी.

तिरु-कळ्ळीचं नाव त्याने जवळजवळ जसंच्या तसं उचललं: युफोर्बिया तिरुकल्ली. आपला शेर तो हाच. पेन्सिलीसारख्या गोल, गुळगुळीत कांड्या, काटा नाही, पानं नावापुरती. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं असलं तरी जगभर त्याचं शास्त्रीय नाव मलयाळी आहे.

एल-कळ्ळीचा दाखला ज्या नावाखाली दिला ते नाव पानावरून आलं: युफोर्बिया नेरिफोलिया, म्हणजे कण्हेरीच्या पानाचं. आयुर्वेदातली स्नुही म्हणून आज हीच धरतात.

आणि शदिद-कळ्ळी, म्हणजे आपला त्रिधारी निवडुंग, याला त्याने म्हटलं युफोर्बिया अँटिकोरम. अर्थ ‘प्राचीनांचा युफोर्बिया’. जुबा राजाचं, प्लिनीचं, औषधाच्या दुकानातल्या चिकाचं झाड ते हेच, अशी त्याची समजूत होती.

ती साफ चुकीची होती. प्राचीनांचं झाड मोरोक्कोच्या डोंगरात होतं, भारतात नव्हे. त्याला नाव मिळायला 1863 साल उजाडलं. जर्मनीच्या ओटो बर्गने बाजारातल्या वाळक्या चिकात अडकलेले झाडाचे तुकडे तपासले आणि त्यावरून वर्णन लिहून नाव दिलं युफोर्बिया रेझिनिफेरा. शंभरहून अधिक वर्षं प्राचीनत्वाचा मान भलत्याच झाडाकडे होता.

मग चूक सुधारली का? नाही. नियमानुसार शास्त्रीय नाव हे झाडाचं वर्णन नसतं, ती फक्त ओळख पटवायची खूण असते. अर्थ चुकला म्हणून नाव रद्द होत नाही. तसं होऊ लागलं तर दर पिढी नवी नावं देत बसेल आणि जुनी पुस्तकं वाचणं अशक्य होईल. त्यामुळे त्रिधारी निवडुंग आजही कागदोपत्री ‘प्राचीनांचा’ आहे.

चुकीचा अर्थ खपून जातो. चुकीची ओळख मात्र महागात पडते. चरकसंहितेत स्नुहीचा चीक रेचकांमध्ये सगळ्यात तीव्र मानला आहे आणि जपून वापरायला बजावलं आहे. कमी काट्यांची आणि जास्त काट्यांची असे दोन प्रकार सांगून जास्त काट्यांची श्रेष्ठ म्हटली आहे. झाड दोनतीन वर्षांचं असावं आणि चीक शिशिराच्या अखेरीस काढावा, इतका बारकावा आहे. भगंदरावर आजही वापरतात त्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला साधारणपणे 21 लेप देतात: 11 नुसत्या स्नुहीच्या चिकाचे, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, तीन चीक आणि हळदीचे. म्हणजे प्रत्येक लेपात स्नुही आहे. पण स्नुही, सेहुंड, थोर ही नावं प्रदेश बदलला की वेगळ्या झाडाला लागतात. नाव बरोबर आणि झाड चुकीचं, असं झालं तर दोरा कोणत्या चिकाचा झाला?

ही झाडं वेगळी काढायला तज्ज्ञांनाही वेळ लागला. फ्रान्सिस बुकनन-हॅमिल्टनने ऱ्हीडच्या ग्रंथावर टीप लिहिताना दाखवलं की एल-कळ्ळीचं चित्र नेरिफोलियाचं नाहीच. 1825 मध्ये त्याने त्या झाडाला युफोर्बिया निवुलिया हे वेगळं नाव दिलं. राजस्थान-गुजरातेतल्या थोराला युफोर्बिया कॅड्युसिफोलिया हे स्वतःचं नाव मिळालं ते तर थेट 1914 मध्ये. तोवर तो दुसऱ्यांच्या नावावर जगत होता.

खुणा तशा अवघड नाहीत, फक्त थांबून बघावं लागतं. फांदीला पंखासारख्या तीन ठळक धारा, पानं बारीक आणि लवकर गळणारी: त्रिधारी, अँटिकोरम. खोडावरचे उंचवटे पाच ओळींत, किंचित पीळ घेत वर चढलेले आणि शेंड्याला मोठी पानं: नेरिफोलिया. पानं तशीच, पण फांदी गोल आणि उंचवट्यांच्या धारा झालेल्या नाहीत: निवुलिया. आसामातले बोडो लोक बाथौ धर्मात सिजौ नावाच्या याच घराण्यातल्या झाडाची पूजा करतात आणि त्याच्या पाच धारांमध्ये पाच तत्त्वं पाहतात. त्यांना धारा मोजायला कुणी वनस्पतिशास्त्रज्ञाने शिकवलेलं नाही.

फोनमधलं अ‍ॅप क्षणात नाव सांगतं, पण निम्मं झाड फोटोबाहेर असलं तर तेही लिनियससारखंच अंदाज बांधतं. तेव्हा पुढच्या ट्रेकला निवडुंग दिसला तर फोटो तीन घ्या: अख्खं झाड, काट्यांची जोडी जवळून, आणि फांदी अशी की धारा मोजता येतील. मोडू नका, हात लावू नका. आजूबाजूला कुणी म्हातारंकोतारं माणूस असेल तर त्याला विचारा, ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ आणि ते नाव फोटोखाली लिहून ठेवा. ऱ्हीडच्या माणसांनीही साडेतीनशे वर्षांपूर्वी तेच केलं होतं, म्हणून तर ‘तिरुकल्ली’ टिकलं.