‘गुडबाय’मधला देव कोणी पुसला?

‘गुडबाय’ हा मुळात आशीर्वाद. ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुमच्या पाठीशी असो, हे अख्खं वाक्य आक्रसत एका शब्दावर आलं. या व्युत्पत्तीबद्दल फारसा वाद नाही. शंका येते ती तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाची. इंग्रजांची श्रद्धा ओसरली आणि निरोपातून देव हद्दपार झाला, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र निराळंच सांगतात. केंब्रिजचा विद्वान गॅब्रिएल हार्वे याच्या 1573 च्या सुमाराच्या पत्रात हा शब्द आखूड झालेलाच सापडतो. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये रविवारी चर्च चुकवणाऱ्याला 1559 च्या कायद्यानुसार 12 पेन्स दंड होता, आणि धर्मापायी माणसं जिवंत जाळल्याला जेमतेम 15 वर्षं लोटली होती. अशा काळात श्रद्धा आटल्यामुळे शब्द आटला, हे पटत नाही. तो झिजला रोजच्या वापराने.

यावर एक आक्षेप रास्त आहे: ‘गॉड’चं ‘गुड’ होणं ही नुसती झीज कशी? देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही, या धाकाने ते मुद्दाम बदललं नसेल? असा धाक होताच. 1606 च्या कायद्याने रंगभूमीवर देवाचं नाव थट्टेत घेणाऱ्याला 10 पौंड दंड ठेवला होता. पण शब्द आखडला तो त्याआधी तीसेक वर्षं. आणि शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहात ‘गॉड बाय यू’ राहिलंच आहे. ‘गुड’ आलं त्याचं सरळ कारण म्हणजे शेजारचे ‘गुड डे’ आणि ‘गुड ईव्हनिंग’. मूळ वाक्य कानाला ओळखू येईनासं झाल्यावर लोकांनी त्याला ओळखीच्या साच्यात बसवलं.

झीज वापराने होते, याचा उलटा पुरावा ‘फेअरवेल’ देतो. जुन्या इंग्रजीत ‘फारन’ म्हणजे प्रवास करणं. वाटेला लागलेल्याला ‘नीट जा’ एवढंच त्यात म्हटलेलं. देवाचं नावही नाही. तरी आज गंभीर वाटतो तो हाच, कारण तो रोजच्या तोंडी नाही. फ्रेंचांकडून आलेल्या ‘अदिय’मध्ये देव शाबूत आहे, पण इंग्रजीत तो नाटकी ढंगाचा झाला. मराठीनेही हा फरक बरोबर उचलला: कॉलेजात आणि कचेरीत ‘फेअरवेल’ म्हणजे भाषणं, पुष्पगुच्छ, जिन्यात नुसतं ‘बाय’.

अर्थ ठाऊक नसला तरी निरोपाचं काही अडत नाही. ‘सो लाँग’ कुठून आला यावर जर्मन, आयरिश, अगदी ‘सलाम’पर्यंत तर्क झाले, एकही सिद्ध झालेला नाही. तरी वॉल्ट व्हिटमनने 1860 मध्ये त्याच नावाची कविता छापली आणि अमेरिकेत तो रुळला. आपली पोरं करतात तो ‘टाटा’ही इंग्रजी बाळबोलीतला. तेव्हा एखाद्या निरोपाच्या पोटात देव आहे की नाही, यावरून बोलणाऱ्यांची भक्ती मोजणं व्यर्थ. रोजचं काम आता ‘बाय’ आणि ‘सी यू’ करतात, म्हणून पूर्ण ‘गुडबाय’ ऐकलं की कायमची ताटातूट वाटते. त्यात देव परतलेला नाही. फक्त वापर घटला, आणि तेवढ्यानेच शब्दाला वजन आलं.