दमनकारोपण आणि दवण्याचे बी

चैत्रात देवास दवणा वाहण्याचा प्रघात फार प्राचीन आहे. संस्कृत ग्रंथांत या वनस्पतीस ‘दमनक’ म्हटले असून तिच्या अर्पणविधीस दमनकारोपण अथवा दमनोत्सव अशी नावे आहेत. श्रावणात पवित्रारोपण, तसे चैत्रात दमनकारोपण. मूळच्या पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला. या दोन्ही ग्रंथांत हा विधी आहे. विष्णूस दवणा वाहण्याची तिथी चैत्र शुद्ध द्वादशी होय.

या विधीचा एक भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आदल्या दिवशी दवण्याच्या जागी जाऊन त्याची पूजा करावी, त्यास निमंत्रण द्यावे, मग तो आणून रात्री अधिवासन करावे. म्हणजे दवणा जवळपास उभा आहे, कोणीतरी तो पेरून वाढविला आहे, हे येथे गृहीतच धरले आहे.

ही पेरणी सोपी नव्हे. दवणा हे दक्षिण भारतातील, सूर्यफुलाच्या कुळातले लहानसे वर्षायू रोप. त्याचे बी अत्यंत बारीक असते. ते दोन दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवतात आणि बारीक वाळूत मिसळून वाफ्यात फेकतात. जोराचा पाऊस त्यास सोसत नाही. म्हणून पावसाळा सरल्यावर पेरणी, थंडीत पुनर्लागण, आणि सुमारे चार महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, इवली पिवळी फुले. सुगंध मात्र पानाफुलांत सर्वत्र भरलेला असतो. उत्सवाचा महिना आणि फुलण्याचा हंगाम यांचा हा मेळ केवळ योगायोगाचा वाटत नाही.

जुने बी नीट उगवत नाही. बियाणे दरसाल नवे धरावे लागते. त्यात खंड पडला की घरचे बी संपले. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर दवणा वाहिला जातो, त्यामागेही शेतकऱ्याचे हेच श्रम आहेत. पोथी शतकानुशतके टिकते, बी जेमतेम पुढच्या हंगामापर्यंत. म्हणून देवालयाच्या आवारात चार हात जागा दवण्यासाठी राखणे आणि काही रोपे न खुडता बियांसाठी सोडणे, हाही दमनोत्सवाचाच भाग मानला पाहिजे.