पोटरीची पट्टी : हिमालयातून फ्लँडर्सच्या चिखलात

१/
हिवाळ्यात पहाटे सायकल चालवणाऱ्याची छाती, कान आणि हात यांची सोय सहज होते. आधी गारठतात ते पाय. त्यावर बहुतेकांना एकच उपाय सुचतो : आणखी एक मोजा चढवायचा आणि बुटाची नाडी घट्ट आवळायची. हा उपाय पाय अधिकच थंड करतो. एवढी साधी गोष्ट उमगण्यासाठी विसाव्या शतकातील एका बलाढ्य सैन्याला हजारो सैनिकांच्या पायांची किंमत मोजावी लागली. त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी एक भारतीय वस्तू आहे : पोटरीला गुंडाळायची पट्टी.

२/
आधी पायांचे शरीरशास्त्र. थंडी वाढली की शरीर हृदय आणि मेंदू यांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. पावलात स्नायू कमी, त्यामुळे तिथे फारशी उष्णता निर्माण होत नाही. ती येते मुख्यतः रक्तातून. चालताना पोटरीचे आणि पावलाचे स्नायू रक्त खेळते ठेवतात. सायकलवर मात्र पाऊल जवळजवळ स्थिर राहते, चवडा पायडलवर दाबलेला असतो आणि स्वतःच्याच वेगाचा वारा समोरून लागत असतो.

३/
त्यात ओल आली की संकट दुणावते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून पाय राखण्याचे तीन नियम ठरतात : कोरडेपणा, साठलेल्या हवेचा थर आणि मोकळे रक्ताभिसरण. यांपैकी एक मोडला तरी उरलेले दोन फार काळ तग धरत नाहीत. पट्टीची कथा ही मुख्यतः तिसऱ्या नियमाची कथा आहे.

४/
हिमालयाच्या डोंगराळ पट्ट्यात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडाची लांब पट्टी गुंडाळण्याची रीत जुनी आहे. तिने पोटरीला आधार मिळतो, काटेकुटे लागत नाहीत आणि खडे वा कोरडे बर्फ बुटात शिरत नाही. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती स्वीकारली. ‘पट्टी’ हा शब्द इंग्रजीत ‘पटी’ झाला. पुढे १९०२ च्या नव्या खाकी गणवेशाबरोबर ती साऱ्या ब्रिटिश पायदळाच्या पायांवर आली. जुन्या छायाचित्रांतील हाफपँटमधला आपल्याकडचा शिपाई आठवावा. त्याच्या पोटरीवरही तीच असे.

५/
ही पट्टी लोकरीची, अडीच-तीन मीटर लांबीची असे. पायदळातील शिपाई ती घोट्याकडून वर गुंडाळी, तर घोडेस्वार गुडघ्याकडून खाली. कातडी गेटरपेक्षा ती स्वस्त आणि हलकी होती. सायकलस्वार सैनिकाला तिचा आणखी एक उपयोग : पँटचा पायघोळ भाग साखळीत अडकत नसे.

६/
कारण त्या काळी सायकल हे युद्धसाधन होते. ब्रिटनने १९१४ मध्ये ‘आर्मी सायक्लिस्ट कोअर’ उभारली. टेहळणी करणे, निरोप पोचवणे आणि घोड्याला चारा लागतो तसे काहीही न मागता दूरवर जाणे, ही सायकलची बलस्थाने होती. २१ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममध्ये मारला गेलेला जॉन पार हा या युद्धात पश्चिम आघाडीवर पडलेला पहिला ब्रिटिश सैनिक मानला जातो. तो टेहळणीवर निघालेला सायकलस्वार होता.

७/
परंतु १९१४ च्या हिवाळ्यापर्यंत युद्ध जागच्या जागी थिजले. समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदक खणले गेले आणि टेहळणीला वाव उरला नाही. सायकलस्वारांच्या वाट्याला खंदक खोदणे, पहारा आणि रस्त्यांवरील वाहतूक सांभाळणे अशी कामे आली. सायकली मागे राहिल्या. पाय मात्र त्याच चिखलात उतरले.

८/
फ्लँडर्सची भूमी सखल आणि चिकणमातीची. थोडे खणले तरी पाणी लागते. सैनिक घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभे राहत. हालचाल केली तर गोळीची भीती, बूट काढावा तर हल्ल्याची. अशा स्थितीत दोन-तीन दिवस गेले की पाय आधी बधिर होत, मग सुजत, मग निळे-काळे पडत. त्यानंतर येई ती असह्य आग. काहींच्या पायांत गँगरीन होऊन बोटे किंवा पाऊल कापावे लागे.

९/
प्रारंभी डॉक्टरांनी याला हिमदंश समजले. परंतु हिमदंशात पेशी प्रत्यक्ष गोठतात. इथे तर तापमान अनेकदा गोठणबिंदूच्या वर होते. ओली थंडी, निश्चलता आणि आवळलेले रक्ताभिसरण या तिहींच्या संगनमताने हा विकार होत होता. १९१५ पर्यंत त्याला स्वतःचे नाव मिळाले : ‘ट्रेंच फूट’, म्हणजे खंदकातला पाय.

१०/
आता पट्टीचा अपराध स्पष्ट होतो. कोरडी असताना नीट गुंडाळलेली लोकरीची पट्टी भिजली की आकसते. खंदकात उतरताना आधार देणारे वेढे काही तासांत पोटरीभोवती फास बनत. खाली बुटात दोन-दोन मोजे कोंबलेले असत. त्यांनी पाऊल आणखी आवळले जाई. कोरड्या डोंगरी वाटांवर रोज सोडून पुन्हा गुंडाळली जाणारी वस्तू इथे दिवसेंदिवस पायावर ओलीच राहिली.

११/
हिंदी सैनिकांची स्थिती अधिक बिकट होती. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि ऑक्टोबरमध्येच आघाडीवर गेल्या. अनेकांच्या अंगावर सुती खाकी होती. ऊबदार कपडे टप्प्याटप्प्याने पोचले. लाहोर डिव्हिजनमध्ये पुण्याजवळील खडकी येथील तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल गावावरील हल्ल्यात त्यांची भीषण हानी झाली. जे वाचले, त्यांच्यापुढे फ्लँडर्सचा हिवाळा उभा होता.

१२/
उपाय हळूहळू सापडले. खंदकाच्या तळाशी लाकडी फळ्यांच्या जाळ्या अंथरल्या गेल्या. मांडीपर्यंतचे गमबूट आले. ‘नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी’ने युद्धकाळात अकरा लाखांहून अधिक जोड पुरवले. सैनिकाने सुटे मोजे जवळ बाळगावेत, ते रोज बदलावेत, बूट व पट्ट्या सैल कराव्यात असे हुकूम निघाले. पायांना देवमाशाचे तेल चोळणे सक्तीचे झाले.

१३/
मोज्यांची भूक मोठी होती. १९१४ मध्येच राणी मेरी आणि लॉर्ड किचनर यांच्या नावाने तीन लाख मोजे-जोडांसाठी आवाहन झाले आणि ब्रिटनमधील घराघरांत सुया चालू लागल्या. मोज्याच्या टोकाशी टोचणारी शिवण राहिली तर ओल्या पायाला जखम होते. म्हणून तिथे शिवण न ठेवता टाके जुळवण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. ती विणकामात आजही किचनरच्या नावाने ओळखली जाते.

१४/
तेलाची कीर्ती पुढे फार झाली. वास्तविक तेल चोळण्यासाठी आधी पट्टी सोडावी लागे, बूट काढावा लागे, पाय पुसून हाताने मळावा लागे; अर्ध्याहून अधिक उपचार तिथेच होत असे. अनेक तुकड्यांत सैनिकांच्या जोड्या लावल्या गेल्या : प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासायचे आणि चोळायचे. बधिर झालेला पाय स्वतःच्या मालकाला काहीच सांगत नाही. दुसऱ्याचे डोळे आणि हात ते काम करतात.

१५/
याबरोबरच जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही पुढे आला. सैन्याने ट्रेंच फूटला शिस्तीचा विषय ठरवले. तुकडीत रुग्ण वाढले की अधिकाऱ्याला जाब विचारला जाई. याचा लाभ असा की अधिकारी स्वतः गुडघे टेकून सैनिकांचे पाय तपासू लागले. तोटा असा की जिथे पाणी उपसण्याची आणि मोजे वाळवण्याची सोयच नव्हती, तिथल्या आजारालाही बेपर्वाईचा डाग लागला. संपूर्ण युद्धात फ्रान्समधील रुग्णालयांत ट्रेंच फूट वा हिमदंशाने दाखल झालेल्या ब्रिटिश सैनिकांची नोंद ७४,७११ आहे.

१६/
एवढी किंमत मोजून मिळालेला धडा टिकला का? १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम युरोपात लढणाऱ्या अमेरिकी सैन्यात थंडीच्या विकारांचे सुमारे ४५ हजार रुग्ण झाले. घट्ट, पाणी शोषणारे कातडी बूट आणि उशिरा पोचलेली हिवाळी पादत्राणे ही त्यांतील प्रमुख कारणे होती. तीस वर्षांपूर्वीच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या वाचून वेळेवर बूट पाठवणारे कमी पडले.

१७/
सर्वात चमत्कारिक प्रकरण १९८२ चे. फॉकलंड बेटांवर ब्रिटिश सैनिक उतरले, तेव्हा दक्षिण गोलार्धातील हिवाळा सुरू होत होता. अनेकांच्या पायांत घोट्यापर्यंतचे बूट होते आणि त्यांवर गुंडाळलेली होती आखूड पट्टी! ओल्या दलदलीतून मैलोन्‌मैल चाललेल्या त्या सैनिकांत ट्रेंच फूट पुन्हा पसरला. युद्धानंतर सैन्याने उंच बूट आणले आणि पट्टी रणांगणावरून अखेर निवृत्त झाली. हिमालयातून निघालेल्या कापडाने शतकाहून मोठा प्रवास केला होता.

१८/
यात पट्टीला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. जिथे ती जन्मली त्या कोरड्या चढणींवर, रोज सोडून वाळवणाऱ्या माणसांच्या पायांवर, ती उत्तम काम करत आली. गणवेशाचा भाग झाल्यावर हवामान बदलले, काम बदलले, तरी वस्तू तीच राहिली. ती कुठे आणि कशासाठी गुंडाळली जात होती, हे गुंडाळण्याचा हुकूम देणारे विसरले.

१९/
आज पुण्या-मुंबईचे सायकलस्वार मनाली–लेह मार्गावर जातात, तेव्हा बर्फवितळीचे नाले ओलांडताना त्यांचे बूट भिजतात. तो प्रदेशही हिमालयाचाच. तिथे १९१५ चे हुकूम जसेच्या तसे लागू पडतात. बोटे हलवता येतील एवढा सैल बूट हवा. सुटा, कोरडा लोकरी मोजा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. नाला ओलांडताच थांबून पाय पुसावेत. अधूनमधून सायकलवरून उतरून चालावे, म्हणजे पोटरी पुन्हा रक्त ढकलू लागते.

२०/
आणि सोबत्याला ‘पाय कसे आहेत?’ असे विचारताना त्याच्या ‘ठीक आहेत’ या उत्तरावर विसंबू नये. बधिर पायही ठीकच वाटतो. बूट काढायला लावून पाहावे. खंदकातल्या जोडीदारांनी शोधलेला हा उपाय सर्वांत स्वस्त होता, आणि नव्या बुटांच्या जाहिरातींत तो अजूनही सापडत नाही.

(थ्रेड समाप्त)